सवाईच्या रसिकांना, महालक्ष्मीच्या मैदानातून

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सरसकट सगळ्या रसिकांना नाही. डिसेंबर आला की शाल, थर्मास आणि घडीची सतरंजी घेऊन सवाई गंधर्वच्या मांडवात जागा धरणारे आणि एरवी घरी दार लावून रॉक ऐकणारे असे जे थोडे लोक आपल्याकडे आहेत, त्यांना आहे. आपण संख्येने कमी, पण बोलायला भारी. १७ मे २०२५ रोजी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर गायक अ‍ॅक्सल रोझचा अमेरिकन रॉक बँड गन्स अँड रोझेस वाजवून गेला आणि त्यानंतर आपण जे बोलत सुटलो, त्याबद्दल मला आपल्याशी भांडायचं आहे.

‘अ‍ॅक्सलचा आवाज गेला.’ ‘पैसे पाण्यात.’ ‘यापेक्षा घरी कॅसेट लावली असती.’ ‘माणसाने वेळेवर थांबावं.’ मैदानाच्या फाटकातून बाहेर पडता पडता हे सगळं कानावर येत होतं. आजूबाजूला एखाद्या तरुणाने असं म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण म्हणणारे माझ्याच वयाचे होते, आणि त्यांतले दोघेतिघे तर असे, की ज्यांच्या शेजारी बसून मी मांडवात भीमसेनजींना ऐकलं आहे. शेवटच्या वर्षांत त्यांचा आवाज थकला होता. मांडवातल्या प्रत्येकाला ते कळत होतं आणि एकानेही ते बोलून दाखवलं नाही.

म्हातारा आवाज कसा ऐकावा हे आपल्याला कुणी शिकवायची गरजच नाही हो. गंगूबाई हनगल यांचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनंतर पार बदलला, जाड आणि मर्दानी झाला, आणि त्याच आवाजावर आपल्या दोन पिढ्यांनी जीव टाकला. त्यांनी २००६ साली, त्र्याण्णवाव्या वर्षी शेवटचं जाहीर गाणं केलं. मल्लिकार्जुन मन्सूर यांना खरी मोठी कीर्ती मिळाली तीच साठीनंतर. अशा मैफलीत तार षड्ज जरा खाली राहिला तर आपण शेजाऱ्याकडे बघून मान हलवतो. जागा कशी घेतली, कुठून आले, श्वास कुठे वाचवला, हे बघत असतो. महालक्ष्मीला मात्र एक स्वर हुकला की फोन वर, दहा सेकंदांचा तुकडा, खाली हसणारे चेहरे.

हा दुटप्पीपणा का, ते मला समजून घ्यायचं आहे. माझ्या मते त्याची काही कारणं खरी आहेत आणि काही नुसता आळस आहे.

आधी त्या संध्याकाळी ऐकलं काय, ते सांगतो. अ‍ॅक्सल रोझ तेव्हा ६३ वर्षांचा होता. त्याचा खालचा आवाज, खर्जाकडचा, अजून भरदार आहे; ज्या गाण्यांची सुरुवात तो खाली बोलल्यासारखी करतो, तिथे मैदानाच्या मागच्या टोकापर्यंत अंगावर काटा येत होता. मधला आवाज चालतो, थोडा कोरडा. प्रश्न आहे वरच्या आवाजाचा. एके काळी तिथे काच आणि वाळू एकत्र दळल्यासारखा एक खरखरीत धारदारपणा होता. आता ती खर गेली आहे आणि उरला आहे एक बारीक, स्वच्छ, जरा नाकातला आवाज. जगभरातल्या चाहत्यांनीच त्याला मिकी माउसचा आवाज म्हणून ठेवलं आहे, आणि चाहते आपल्या माणसाला जितकं क्रूरपणे बोलतात तितकं शत्रूही बोलत नाहीत.

यात त्याचा गुन्हा काय? वय वाढतं तसे स्वरतंतूंतले स्नायू रोडावतात, लवचीकपणा कमी होतो, गाताना तंतू एकमेकांना नीट भिडत नाहीत आणि मधल्या फटीतून हवा निसटते. पुरुषाचा आवाज त्यामुळे पातळ आणि हवेशीर होतो. छातीतला दम कमी झाल्याने लांब स्वराला श्वास पुरत नाही. हे सगळ्यांचं होतं, पंडितजींचंही झालं. फरक एवढाच, की आपल्या गवयाला म्हातारं व्हायची सोय परंपरेनेच करून ठेवली आहे. त्याचा षड्ज त्याचा स्वतःचा असतो. काळी एक ही पट्टी जड जायला लागली तर तो गाजावाजा न करता तिच्या खालची पांढरी एक करतो, तंबोरे तसे लागतात, श्रोत्यांत दहा जणांना कळतं आणि तेही कौतुकाने. आज घसा साथ देत नसेल तर दरबारी घ्यावा, मंद्रात रमावं, तार सप्तक शिष्याकडे सोपवावं. एखाद्या दिवशी लय वाढवलीच नाही म्हणून कुणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही.

रॉकवाल्याला यातलं काहीही मिळत नाही. अ‍ॅक्सलचा पहिला अल्बम १९८७ साली आला तेव्हा तो २५ वर्षांचा होता. त्या वयाच्या घशाने, त्या वयाच्या रागाने जी उंची गाठली ती टेपवर कायमची बसली. चार-पाच मिनिटांच्या गाण्यात ती किंकाळी कितव्या ओळीनंतर येते, हे पन्नास हजार लोकांना पाठ आहे. तिथे त्याला वाट बदलता येत नाही. बढत नाही, पर्याय नाही, आज जरा वेगळ्या अंगाने जाऊ असं नाही. जागा आली की ती मारायची किंवा लोकांसमोर पडायचं. पंचविशीतल्या स्वतःशी रोज रात्री परदेशातल्या मैदानात कुस्ती. आपल्या कोणत्या गवयाला आपण कधी असं करायला लावलं?

आपण त्या संध्याकाळी खरं तर त्याला ऐकतच नव्हतो. डोक्यात ऱ्हिदम हाऊसमधून आणलेली कॅसेट चालू होती आणि तिच्याशी तो जुळतो का, एवढंच तपासत होतो. याचा पुरावा माझ्या पुढेच उभा होता. विशी-बाविशीतली पोरं, बापाच्या फोनवरून ही गाणी शिकलेली, अंगात नवे कोरे टी-शर्ट. त्यांना त्या आवाजात काही कमी वाटलं नाही. ती उड्या मारत होती, गात होती, मधल्या एका संथ गाण्यात एक मुलगी चक्क रडत होती. त्यांना ऱ्हिदम हाऊसचं दुकान आठवतच नाही. ते २०१६ साली बंद झालं. त्यामुळे त्यांच्या कानात तुलनेला दुसरं काही नव्हतं, समोरचा माणूस तेवढा होता.

आणि आपली स्मरणशक्तीही सोयीची आहे बरं का. हेच गन्स अँड रोझेस डिसेंबर २०१२मध्येही मुंबईत आले होते. तेव्हा अ‍ॅक्सल पन्नाशीचा होता, आवाज आतापेक्षा धडधाकट. तेव्हा आपण काय म्हणालो? जुना गिटारवाला स्लॅश नाही, बासवाला डफ नाही, म्हणजे हे गन्स अँड रोझेस कसले. २०१६पासून दोघे परत आले. आता २०२५मध्ये डोक्यावर ती उंच टोपी घालून स्लॅश समोर उभा, शेजारी डफ, तर आपल्याला अ‍ॅक्सलचा घसा नडतो.

स्लॅशबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. साठीला टेकलेला हा माणूस मैफलभर वाजवतो आणि बोटं कुठेही अडखळत नाहीत. बोटांना वय लागतं, पण घशाइतकं लवकर नाही. त्याची तार ओढून स्वर चढवायची पद्धत आपल्या कानाला परकी नाही. ती सरळ मींड आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सगळी जमीन तो दाखवत जातो, आणि पोचल्यावर त्या स्वराला जे आंदोलन देतो ते सतारवाल्यांनी ऐकावं. वेगाने वाजवणारे आज हजार आहेत. एवढ्या सावकाश आणि एवढ्या ठामपणे स्वरावर पोचणारे फार नाहीत. हे आपल्यापैकी कुणी बोललं का? मी तरी ऐकलं नाही.

आता कारणांतला खरा भाग. तिकीट महाग असतं, हे मान्य. बैठकीच्या तिकिटाच्या कितीतरी पट पैसे मोजून, उन्हातून रांगेत येऊन, चार-पाच तास उभं राहिल्यावर माणूस रसिक राहत नाही, गिऱ्हाईक होतो. मग माल बरोबर आला का, हे तो बघणारच. दुसरं, काही मोठे गायक हल्ली मागून स्वतःचीच ध्वनिमुद्रित गाणी सोडतात आणि ओठ हलवतात, किंवा वरच्या ओळी मुद्रित आवाजाने भरून काढतात. त्यांच्यावर तुम्ही तुटून पडलात तर मी तुमच्या पुढे उभा राहीन. पण महालक्ष्मीला जो स्वर फाटला तो फाटला हेच सांगतं की माणूस समोर गात होता. मुद्रित आवाज फाटत नाही. चुकतोय म्हणजे गातोय.

वय झालेल्या रॉक गायकांनी आपापल्या परीने वाटा काढल्या आहेत, आणि मला वाटतं त्या नीट पाहिल्या तर आपल्या कानाला त्यांच्यात रस वाटेल. डीप पर्पल या बँडच्या इयन गिलनने ‘चाइल्ड इन टाइम’ हे त्याचं सगळ्यात उंच गाणं गायचंच सोडून दिलं. त्यावर फार विचार करण्यासारखं काही नाही, शहाणपणा आहे. लेड झेपेलिन या बँडचा गायक रॉबर्ट प्लांट, त्याची गोष्ट जास्त गमतीची. हा माणूस ऑक्टोबर १९७२मध्ये त्या बँडचा गिटारवाला जिमी पेज याच्याबरोबर मुंबईत होता, इथल्या वादकांबरोबर त्यांनी ध्वनिमुद्रण केलं आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क या क्लबमध्ये ते वाजवूनही गेले. तेव्हा तो २४ वर्षांचा. डिसेंबर २००७मध्ये लंडनला लेड झेपेलिन एका रात्रीपुरतं परत आलं तेव्हा तो ५९चा, आणि पट्टी उतरवलेली. त्यानंतर जगाने त्याला आणखी दौऱ्यासाठी विनवण्या केल्या. तो नाही म्हणाला आणि अ‍ॅलिसन क्राऊस या ब्लूग्रास, म्हणजे अमेरिकी लोकसंगीताच्या, गायिकेबरोबर हलक्या, दबल्या आवाजात गात राहिला. जुनी गाणीही तो आता चाल वळवून, ठेका बदलून गातो. याला आपल्याकडे काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे.

स्टिंगकडे जरा थांबू या, कारण त्याच्या दोन टोकांच्या दोन मैफली आपल्याच शहरात झाल्या. २६ मार्च १९८० रोजी पोलीस हा गायक स्टिंगचा तिघांचा बँड धोबीतलावच्या रंगभवनात वाजवून गेला. टाइम अँड टॅलेंट्स क्लब या महिलांच्या संस्थेने तो घडवून आणला होता. स्टिंग २८ वर्षांचा होता. रंगभवन हे झेवियर्सजवळचं उघडं नाट्यगृह, पुढे इंडिपेन्डन्स रॉक या महोत्सवासाठी तरुणांचं तीर्थक्षेत्र झालं आणि नंतर आसपासची रुग्णालयं, कॉलेजं यांच्यामुळे शांतता क्षेत्रात अडकून मैफलींना मुकलं. आणि जानेवारी २०२४मध्ये लोलापलूझा या संगीत महोत्सवाच्या निमित्ताने तोच स्टिंग महालक्ष्मीच्या मैदानावर आला, ७२ वर्षांचा, हातात बास गिटार, बाजूला १९९०पासून त्याच्याबरोबर असलेला गिटारवाला डॉमिनिक मिलर.

तुम्ही त्या संध्याकाळी खूश होता. ‘बघ, याला म्हणतात आवाज राखणं,’ असं मला सांगण्यात आलं. राखला आहेच. पण त्याने केलंय काय, ते बघा. पोलीसच्या तरुणपणीच्या गाण्यांची चाल फार उंच होती. २००७-०८ला तिघे पुन्हा एकत्र आले तेव्हाच त्यातल्या बऱ्याच गाण्यांची पट्टी खाली आली होती. ओळ तो आता ठेक्याच्या किंचित मागे टाकतो, त्यामुळे उंच स्वरावर जायला एक अर्धा क्षण जास्त मिळतो आणि ऐकणाऱ्याला ती लाडिक लय वाटते. जिथे पूर्वी तो ओरडायचा तिथे आता ओळ हवेत सोडतो आणि मैदान ती पूर्ण करतं. हे सगळं गवयाचं डोकं आहे. पट्टी, लय, विश्रांती. म्हणून तो आपल्याला जवळचा वाटला. अ‍ॅक्सलने यातलं काही केलं नाही म्हणून तो वाईट ठरला. पण त्याचं संगीतच मुळात हिशेबाच्या विरुद्ध आहे! दम राखून, ठेक्यामागे रेंगाळत ती गाणी गायली तर ती उरतीलच कशी? स्टिंगची गाणी वयाबरोबर मुरतात. अ‍ॅक्सलची तशी नाहीत. तो भिंतीवर डोकं आपटतो, कारण गाणी भिंतीवर डोकं आपटण्याबद्दलचीच आहेत.

पिंक फ्लॉइड या बँडच्या रॉजर वॉटर्सच्या वेळचं आठवा. १८ फेब्रुवारी २००७, वांद्रे-कुर्ला संकुलातलं एमएमआरडीएचं मैदान. उत्तरार्धात ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा १९७३चा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत. आवाज चहूबाजूंनी येत होता. घड्याळांचा गजर मागून डोक्यावरून पुढे गेला तेव्हा माझ्या शेजारचा गृहस्थ खरोखर वळून बघू लागला. वॉटर्स त्या रात्री ६३ वर्षांचा होता. म्हणजे अ‍ॅक्सल महालक्ष्मीला होता तेवढाच! पण त्याचा आवाज गेला, असं आपल्यापैकी कुणी म्हणालं नाही. मुळात त्याने कधी आवाजाचा दावा केलाच नव्हता. उंच आणि गोड ओळी इतर गायकांकडे, आलापीचा तो मोठा तुकडा कॅरल केनियनकडे, गिटार डेव्ह किल्मिन्स्टर आणि स्नोई व्हाइटकडे. स्वतः तो मध्ये उभा राहून आपल्या शब्दांवर पहारा देत होता.

याच माणसाने २०२३ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, तो सगळा अल्बम पुन्हा केला. गिटारचे मोठे तुकडे काढून टाकले आणि शब्द जवळजवळ बोलून दाखवले, घोगऱ्या आवाजात. काळ कसा निसटतो, यावरच्या ओळी त्याने तिशीच्या आत लिहिल्या होत्या. त्या ऐंशीच्या तोंडून ऐकताना मला फार विचित्र वाटलं. तेव्हा तो कल्पना करत होता, आता साक्ष देतोय. बहुतेक चाहत्यांना हा प्रकार अजिबात आवडला नाही. मलाही सगळा आवडला नाही, मधे मधे बडबड फार आहे. पण तोच राग चाळीस-पन्नास वर्षांनी पुन्हा मांडणाऱ्या गवयाकडे आपण ज्या कुतूहलाने बघतो, त्याच्या चतुर्थांश कुतूहलही त्याला मिळालं नाही, हे खटकलं.

ब्रेबर्न स्टेडियमवर ७ एप्रिल २००३ला रोलिंग स्टोन्स ऐकलेल्यांनी तर बोलूच नये. एप्रिलच्या उकाड्यात ५९ वर्षांचा मिक जॅगर मंचाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत होता, म्हणून सगळे त्याच्याकडे बघत होते. मागे ड्रमवर ६१ वर्षांचा चार्ली वॉट्स बसला होता. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला डावा हात खालच्या ड्रमवर पडला की त्याचा उजवा हात झांजेवरून उचलला जायचा. एक इवलीशी फट. त्या फटीत स्टोन्सची सगळी झुलती चाल होती. तबलजीचा ठेका ओळखणाऱ्यांना हे दाखवावं लागू नये. वॉट्स २०२१मध्ये गेला.

आणि आता ऑझीबद्दल, कारण तिथे आपला दुटप्पीपणा उघडा पडला. महालक्ष्मीनंतर सातेक आठवड्यांनी, ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ब्लॅक सबाथ या बँडचा गायक ऑझी ऑझबर्न याची शेवटची मैफल झाली. जिथे तो वाढला, जिथे ब्लॅक सबाथ सुरू झालं, त्या अ‍ॅस्टन भागातच ते मैदान. पार्किन्सन्सने त्याला उभं राहता येत नव्हतं. एका काळ्या सिंहासनात बसून तो गायला. स्वर कुठे होता कुठे नव्हता. आपल्याकडे रात्र जागवून प्रक्षेपण बघणारे बरेच होते, मीही होतो, आणि आपण सगळे रडलो. आवाज गेला म्हणायची कुणाची छाती झाली नाही. २२ जुलैला तो वारला.

त्या दिवशी त्याच मंचावर त्याच्या आधी कोण वाजवून गेलं होतं, आठवतं? बऱ्याच बँडांपैकी एक गन्स अँड रोझेस. अ‍ॅक्सल ब्लॅक सबाथची गाणी गायला, महालक्ष्मीला होता त्याच घशाने. तिथे मात्र आपल्याला ते भावलं. सात आठवड्यांत त्याच्या गळ्याला काही झालं नव्हतं. बदलला होता आपला कान, कारण शेजारी मृत्यू बसला होता आणि आपल्याला ते दिसत होतं. मृत्यू दिसल्याशिवाय नीट ऐकायचंच नाही, असं ठरवलंय का आपण?

मांडवात गवई मोठा झाला की मागे तंबोऱ्यावर बसलेला शिष्य काय करतो, ते आपण शेकडो वेळा पाहिलं आहे. गुरूचा श्वास जिथे संपणार हे त्याला आधी कळतं. तिथे तो हळूच स्वर उचलतो, सम येईपर्यंत सांभाळतो आणि पुन्हा मागे सरकतो. महालक्ष्मीला मागे शिष्य नव्हता. पण पुढे एवढा मोठा समुदाय होता, ज्याला ती ओळ पाठ होती. ती पोरं तेच करत होती. उंच जागा आली की घशाच्या शिरा ताणून त्याच्याबरोबर जात होती. आपण, ज्यांना हे काम सगळ्यात चांगलं कळतं, हाताची घडी घालून उभे होतो.

आयोजकांशी माझं वेगळं भांडण आहे, ते इथे थोडक्यात. साठीच्या कलाकाराला बोलावता तर साठीचा श्रोता येणार हे गृहीत धरा. थोड्या खुर्च्या ठेवा, त्याही सोन्याच्या भावाने नकोत. पिण्याचं पाणी रांगेशिवाय मिळू द्या. एका मंचावरचा आवाज दुसऱ्यावर सांडू देऊ नका. वेळेचं मात्र मी त्यांना बोलणार नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा नियम २०००चा आहे, वर्षातून ठरावीक दिवस सरकार तो बारापर्यंत सैल करू शकतं, आणि त्या नियमानेच आपल्या सवाईची रात्रभराची बैठकही संपवली. पहाटेची भैरवी आपल्याकडून गेली तेव्हा आपण हळहळलो. रॉकवाल्यांचंही तेच दुःख आहे, निदान तिथे तरी आपण एका बाजूला उभे राहू.

तर पुढच्या वेळी कुणीही म्हातारा येवो, माझी विनंती एवढीच, की निघायच्या आधी आठवडाभर जुनं रेकॉर्डिंग लावू नका. त्याच्या अलीकडच्या दौऱ्यातलं काही मिळालं तर ते ऐका, कान तिथे लावून या. आणि फोन खिशात राहू द्या. मांडवात कुणी पंडितजींच्या तोंडासमोर फोन धरला तर तुम्ही त्याला काय सुनावता, ते मी ऐकलं आहे.

कळावे, लोभ असावा.

आपलाच,
दोन्हीकडच्या गर्दीतला एक

ता. क. उभं राहायची जागा धरताना मंचाच्या पुढे घुसू नका, मैदानाच्या मध्यात आवाजाची जुळवाजुळव करणाऱ्यांचा मांडव असतो, त्याच्या लगेच मागे उभे राहा. तो माणूस तिथे बसून जे ऐकतो त्यावरच सगळा आवाज बेततो, त्यामुळे गाणं तिथे सगळ्यात नीट लागतं, आणि टेकायला कठडाही असतो. कानात घालायचे फोमचे बोळे औषधाच्या दुकानात मिळतात. मी जास्तीचे आणतो, मागून घ्या.